अंधारयुगाची आत्या

कोल्हापूरला माणसं अंबाबाईच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारायला जातात. मी भांडायला गेले होते. आता अमरावतीत परत येऊन, पाय वर घेऊन हे लिहायला बसले आहे, तर खरं ते सांगते. इतकं चांगलं गाव आणि इतकं चांगलं भांडण मला एका प्रवासात पुन्हा काही मिळायचं नाही.

भांडण कशावरून, ते आधी सांगते. सुनंदा मगदूम ही माझी मैत्रीण. पुण्यात एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसलो, एका खोलीत राहिलो. मग ती कोल्हापुरात आणि मी अमरावतीत, दोघी कॉलेजात इतिहास शिकवत म्हाताऱ्या झालो. निवृत्तीनंतर दोघींनी मिळून एक पुस्तक लिहायला घेतलं. युरोपच्या सांस्कृतिक इतिहासात ही जी युगं सांगतात, प्रबोधनकाळ, बरोक, ज्ञानोदय, ती ठरवली कुणी, त्यांना नावं कशी पडली, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे मराठी माणसाला समजेल असं सांगायचं. सगळं फोनवर झालं. अर्धी प्रकरणं तिची, अर्धी माझी. पुस्तक कोल्हापूरच्या छापखान्यात गेलं आणि दुसऱ्या प्रकरणाच्या मथळ्यावर अडकलं.

रोमचं साम्राज्य कोसळलं तिथपासून प्रबोधनापर्यंतच्या हजारएक वर्षांच्या प्रकरणाला मी नाव दिलं होतं 'अंधारयुग'. ठसठशीत नाव, पोरांच्या डोक्यात पक्कं बसणारं. सुनंदा म्हणाली, "हे नाव माझ्या पुस्तकात नको." मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात?" झालं! वर्षभर आमचं बोलणं बंद. काय ते छापखान्यामार्फत. शेवटी तिचा निरोप आला, "मथळा हाच राहिला तर पुस्तकावरचं माझं नाव काढा." त्या दिवशी, येते असा छापखान्यामार्फतच निरोप धाडून, मी बॅग भरली. एकटीच्या नावाचं पुस्तक मला नको होतं आणि मथळाही सोडायचा नव्हता. काय करणार, वऱ्हाडी हट्ट आहे.

कागल, जिथे मला जायचंच नव्हतं

पुण्यात भाचीकडे एक मुक्काम करून मी बेळगावच्या बसमध्ये बसले. कोल्हापूर आलं तेव्हा मी गाढ झोपले होते. कंडक्टरने हाका मारल्या म्हणे, पण माझी झोप घरात प्रसिद्ध आहे. जाग आली तेव्हा कोल्हापूर मागे पडलेलं. कंडक्टर वैतागून म्हणाला, "आता फाइव्ह स्टारला उतरा मावशी, तिथनं मिळंल कायतरी."

मला वाटलं, चला, चांगल्या ठिकाणी उतरवतोय, निदान एसीत बसून चहा मिळेल. उतरले तर समोर पत्र्यांच्या शेड, धुराडी, फाटकापाशी उभे कंटेनर आणि एक भला मोठा फलक: कागल पंचतारांकित एमआयडीसी. पाच तारे म्हणे! हसावं की रडावं कळेना. ऊन तिरपं झालं होतं. हातात बॅग घेऊन मी रस्त्याकडेला उभी राहिले.

एक पिकअप पुढे जाऊन पुन्हा मागे आली. आत दणकट, मिशाळ ड्रायव्हर. "ओ पावणं, हितं कुणाची वाट बघताय? बस थांबत न्हाय हितं."

"कोल्हापूरला जायचंय, कसबा बावड्यात."

"कोल्हापूर मागं ऱ्हायलं की! बसा म्होरं. पावण्यास्नी वाटंवर सोडून जायची पद्धत न्हाय आमच्यात."

मागे ओतकामाचे लोखंडी भाग खडखडत होते. गाडी हलली तशी चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, पोरं किती, पेन्शन चालू आहे का. आमच्याकडे अनोळखी बाईला कुणी इतकं विचारलं तर ती पुढच्या थांब्यावर उतरेल. इथे मात्र माणूस असा काही विचारतो की उत्तर न देणं उद्धटपणाचं वाटावं. मी म्हटलं, इतिहास शिकवायची.

"पन्हाळ्याचा व्हय?"

"नाही. युरोपचा."

"आरं तिच्या! मग हिकडं कशाला आलायसा?" असं म्हणून तो इतका मोठ्याने हसला की मलाही हसू फुटलं. वाटेत दोन कारखान्यांत माल उतरवून त्याने मला थेट बावड्यात दारापर्यंत सोडलं. पैसे घेईना. पण तोपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती.

कसबा बावडा

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास नाकात शिरला की बावडा आला समजायचं. एका बाजूला नव्या बंगल्यांची रांग, त्यांच्या परसापाशी येऊन थांबलेला ऊस. आमच्याकडे शेत म्हटलं की कापूस नाहीतर संत्र्याची बाग, नजर लांबवर जाते. इथे उसाची भिंतच.

सुनंदा पायरीवर उभी होती. वर्षभराने भेट, तीही भांडणातली. मी काय बोलायचं ते ठरवून आले होते. तिने बोलूच दिलं नाही.

"आलीस व्हय एकदाची! सांजच्यापासनं वाट बघत बसलोय मी. आधी जेव. भांडण काय पळून जात न्हाय."

इथे एक सांगते, कोल्हापूरच्या बायका 'मी बसलोय', 'मी जातो' असंच बोलतात. पुण्यात आम्ही तिला यावरून फार छळायचो. तिने एक अक्षरही बदललं नव्हतं.

ताटात ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. "तुम्ही?" मी विचारलं. "आमचं झालंय," सुनंदा म्हणाली. तिचे मिस्टर, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनीही मान हलवली. मी भूक भूक करत सगळं चाटून पुसून खाल्लं. भाकरीची दुरडी मात्र काठोकाठ भरलेली होती, हे हात धुताना लक्षात आलं.

सकाळी चहा घेताना आप्पांना गाठलं. "काल तुम्ही जेवला होता का हो?"

आप्पा सरळ माणूस. जैन शेतकऱ्याचं घर, सूर्य मावळल्यावर जेवण नाही, हे मला पुण्यापासून ठाऊक होतं. "तुमी येनार म्हून थांबली ती," आप्पा म्हणाले. "पावणं उपाशी आनि आपन जेवायचं, जमंना तिला. मग मीबी थांबलो. एक दीस न जेवल्यानं काय हुईत न्हाय."

वर्षभर माझ्याशी न बोललेली बाई माझ्यासाठी उपाशी झोपली होती. मला गलबलून आलं. पण मथळा सोडायचा विचार तरीही मनात आला नाही, हेही तितकंच खरं.

"पण वेळ कशी ठरवता?" मी विचारलं. "पंचांगावरून?"

"आमच्या आईचा नियम हाय. घड्याळ न्हाय आन् पंचांग न्हाय. आपल्या तळहातावरच्या रेषा दिसत्यात तवर जेवायचं. दिसायच्या थांबल्या की ताट सारायचं."

मी खूशच झाले. आतून सुनंदा ओरडली, "त्याला म्हणत्यात व्याख्या! मध्ययुग कधी संपलं, ते ठरवताना तुमच्या विद्वानांस्नी इतकं धड सुचलं न्हाय." खरंच होतं ते. कुणी म्हणतं तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं तेव्हा मध्ययुग संपलं, कुणी म्हणतं अमेरिकेचा किनारा दिसला तेव्हा, कुणी म्हणतं छपाई आली तेव्हा. दिवस कधी संपला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण ताट कधी सारायचं ते ठरवावं लागतंच.

छापखाना आणि बारसं

सुनंदा मला शहरात घेऊन गेली. आधी मिसळ. आमच्याकडे तर्री म्हणतात त्याला इथे कट म्हणतात, आणि सोबत पाव नाही, ब्रेडचे जाड काप. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. सुनंदा शांतपणे म्हणाली, "वऱ्हाडातली ना तू? मग डोळ्यात पानी कशाचं?"

छापखाना बसुअण्णांचा. निपाणीकडचे लिंगायत, आईशी फोनवर कन्नड आणि आमच्याशी मराठी, एका दमात. सुनंदाला ते अक्का म्हणतात, मलाही लगेच म्हणायला लागले. "अक्का, तुमच्या दोघींच्यात माझा पार भुगा झालाय बघा. सगळं पुस्तक तयार हाय, एका मथळ्यासाठी थांबलंय. परवा सकाळी काय ते सांगा. त्यानंतर लग्नपत्रिका लागणार मशिनीवर. मग तुमचं युरोप गेलं पावसाळ्यात!"

"मथळा ठरलेला आहे," मी म्हणाले.

"न्हाय ठरलेला," सुनंदा म्हणाली.

बसुअण्णांनी कपाळाला हात लावला आणि चहा मागवला.

दुपारी सुनंदाच्या शेजारी बारसं होतं. मला ओढूनच नेलं. पाळणा सजवलेला, आत एक गुबगुबीत पोरगी, आणि चिकोडीहून आलेली आत्या. आत्याने पाळण्यात वाकून पोरीच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं मात्र, बायकांनी तिच्या पाठीत असे काही धपाटे घातले की बिचारी पाळण्यातच पडायची. आमच्याकडेही नाव आत्याच ठेवते, पण धपाटे जरा बेताने. पोरीच्या आईला दुसरंच नाव हवं होतं, असं मागे कुणीतरी कुजबुजत होतं. पण मान आत्याचा, कोण बोलणार! मग खपली गव्हाची खीर आली. तिला इथे हुग्गी म्हणतात. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीला नाही म्हटलं ते केवळ लाजेने.

"बघितलीस?" सुनंदा कानाशी म्हणाली. "पाळण्यातल्या पोरीला कुणी इचारलं का?"

"नाव तर लागणारच की गं. हाक कशी मारायची मग?"

"लागतंच की. नावाला कोण नको म्हणतंय? मी म्हणतो, आत्या कोण ते बघ. तुझ्या अंधारयुगाची आत्या कोण? इटलीतला एक कवी. त्याला जुन्या रोमचं वेड. मधली सगळी शतकं त्याला काळीकुट्ट दिसली. गॉथिकची आत्या कोण? त्याच्यामागनं आलेले इटलीवाले. त्या उंच टोकदार कमानी त्यांना आवडल्या न्हाईत, म्हून रानटी गॉथ टोळ्यांचं नाव चिकटवलं. आन् प्रबोधनाचं बारसं तर एकोणिसाव्या शतकात झालं, पोरगं मरून शेकडो वर्सं झाल्यावर!"

"ज्ञानोदयवाल्यांनी स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं," मी म्हणाले.

"त्ये तर आनि निर्लज्ज," सुनंदा म्हणाली, आणि आम्ही दोघी लोकांच्या बारशात तोंडाला पदर लावून हसलो. वर्षभरात पहिल्यांदा.

पण हसून झाल्यावर मी माझं म्हणणं मांडलंच. नाव ही खुंटी असते. विद्यार्थ्याच्या हातात हजार वर्षांचा गठ्ठा आहे, तो टांगायला त्याला खुंटी हवी. 'अंधारयुग' म्हटलं की रोमच्या पाठोपाठ ओसाड पडलेली शहरं, विस्मृतीत गेलेली पुस्तकं, सगळं एकदम आठवतं. आणि खुंटी भक्कम असावी, सुंदर नसली तरी चालेल. सुनंदा म्हणाली, "उद्या खिद्रापूरला जाऊ. तिथं बोलू."

खिद्रापूर

खिद्रापूर कृष्णेच्या काठावर आहे, कर्नाटकाला खेटून. आप्पांनी गाडी काढली. सुनंदाने चारीठाव डबा बरोबर घेतला. "परतायला उशीर झाला तर वाटंत जेवू," म्हणाली.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. लांबून पाहिलं तर काळ्या दगडाचा एक बसका ढीग वाटतो. जवळ गेलं की बोलती बंद होते. तळाशी हत्तींची रांग, एकेक हत्ती वेगळा, जणू सबंध देऊळ त्यांच्याच पाठीवर तोललेलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाहीच, एक मोठा गोल मोकळा ठेवलाय. त्या गोलातून आभाळ आत येतं. खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. मी त्या शिळेवर उभी राहून वर बघत राहिले. मान दुखायला लागली तरी हलवेना. मी इतकी शतकं शिकवली, पण हे आपल्या राज्यात आहे हे मला धड माहीत नव्हतं. पुस्तकातल्या फोटोत यातलं काहीही येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा आणि एकदा जाऊन या.

पायऱ्यांवर सुनंदाने माझा हात धरला होता. मला वाटलं, भांडण निवळतंय. आत गेल्यावर ती खांबांवरचं कोरीवकाम बोटांनी चाचपून मला दाखवत होती. ही नर्तकी, हा पोपट, ही वेल. तिची शिकवायची जुनी सवय, मी मनात म्हटलं.

"हे उभं ऱ्हायलं त्याच सुमाराला तिकडं फ्रान्सात ती टोकदार कमानींची चर्चं उठत होती," ती म्हणाली. "रंगीत काचा, आभाळाला भिडलेली छतं. त्या गवंड्याला जाऊन सांग, बाबा, तू अंधारात काम करतोयस."

"त्याला नाही सांगत. माझ्या विद्यार्थ्याला सांगते."

"त्यो बी त्याच गवंड्याकडं बघणार ना?"

मी म्हटलं, इथला आणि तिथला काळ असा सरसकट जोडता येत नाही. ती म्हणाली, "पळवाट!" तिथल्या राखणदाराने आम्हाला जरा हळू बोलायला सांगितलं.

शिरोळच्या रस्त्यावर

परतताना व्हायचं तेच झालं. उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याच्या दिशेने लागलेली, त्यातली एक ट्रॉली आडवी झाली आणि रस्ता बंद. ट्रॅक्टरवाल्यांची गाणी मात्र जोरात चालू. आप्पांनी गाडी उसाच्या बांधाला लावली. सूर्य धुळीत तांबडा होऊन खाली आला होता.

"डबा काढा," सुनंदा म्हणाली.

बांधावर चादर टाकून आम्ही तिघं बसलो. भाकरी, हरभऱ्याची भाजी, ताक. उघड्यावरच्या जेवणाला काय चव असते! एका ट्रॅक्टरवाल्याने येऊन आम्हाला उसाची कांडी दिली, न मागता, न बोलता. मी खुशीत होते. दोन घास झाले असतील, सुनंदाने आपला तळहात डोळ्यांजवळ नेला, जरा तिरपा केला, आणि भाकरी खाली ठेवली. चतकोरसुद्धा खाल्ली नव्हती.

"काय गं? अजून लख्ख उजेड आहे," मी म्हणाले. "हे बघ, मला रेषा स्वच्छ दिसतायत."

"मला न्हाईत."

मला वाटलं, आता हिने इथेही हट्ट धरला. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. हातातली भाकरी फडक्यात गुंडाळत म्हणाले, "माझं बी झालं." आणि उठून ट्रॅक्टरांकडे निघून गेले.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पायऱ्यांवर धरलेला हात. खांबांवर फिरणारी बोटं.

"सुनंदा, डोळ्यांना काय झालंय?"

"काचबिंदू. गेलेलं परत येत न्हाय म्हणत्यात. हाय त्ये टिकवायचं, थेंब घालायचं. दुपारी बरं असतं. सांजचं उजेड जरा उतरला की माझी संध्याकाळ तुमच्या आधी हुती." तिने हे असं सांगितलं की जणू विहिरीचं पाणी खाली गेलंय. "पुस्तक मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय, विजू. म्हून घाई. म्हून म्हटलं, न्हाय पटत तर नाव काढा, पन छापा एकदाचं."

मी रडले, सरळ सांगते. रडत रडतच म्हटलं, "काढते गं तो मथळा. उद्या सकाळी काढते."

सुनंदा भडकली. अशी भडकलेली मी तिला जन्मात पाहिली नव्हती. "खबरदार! माझ्या डोळ्यांचा आन् त्या हजार वर्सांचा काय संबंध? म्हून तर सांगितलं नव्हतं तुला! मला जिंकायचंय, भीक नको. भांड म्हणतो मी!"

"आता कशी भांडू?"

"तोंडानं! रोज भांडतीस तशी!"

मग मी नाक पुसलं आणि भांडले. म्हटलं, कोरडेपणाने विचार कर. त्या सुरुवातीच्या शतकांतलं लिखाण किती कमी उरलंय. शहरं मोडली, शाळा बंद पडल्या. नुसतं कोरीवकाम दाखवून त्यांचं काळोखं असणं पुसता येतं का? 'अंधार' म्हणणं म्हणजे शिवी नाही, वर्णन आहे.

तिने आपला तळहात माझ्यापुढे धरला. "बघ. रेषा हाईत का माझ्या हातावर?"

तांबूस उजेडात मला सगळ्या दिसत होत्या. आयुष्याची, डोक्याची, लग्नाची, मधे भाकरीचं पीठ भरलेली.

"आहेत."

"मग? मला दिसत न्हाईत, म्हून त्या गेल्या का?"

ट्रॅक्टरवरचं गाणं संपून दुसरं लागलं. कागद आमच्याकडे कमी उरले. दिसत आम्हाला नव्हतं. आणि काळोखात बसवलं आम्ही त्या हजार वर्षांतल्या माणसांना.

"हरले," मी म्हणाले. "आणि ही भीक नाही."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तुझा चेहरा दिसतोय तेवढा." आणि माझ्या पाठीत तिने असा धपाटा घातला की बारशातले धपाटे परवडले.

पुन्हा छापखाना

वाटेत नवा वाद निघालाच. 'मध्ययुग' म्हणावं तर तेही नाव नंतरच्यांनीच ठेवलेलं. दोन चांगल्या काळांच्या मधे सापडलेलं ते मध्य. पण खुंटी तर हवी, हे सुनंदाने मान्य केलं. शेवटी ठरलं, खुंटी ठेवायची आणि ती कुणी ठोकली तेही लिहायचं.

सकाळी बसुअण्णांना मथळा दिला: 'मध्ययुग'. खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'आत्या: नंतर आलेले, आपण उजेडात आहोत असं वाटणारे लोक.'

"एवढंच ना?" बसुअण्णा हुश्श करून म्हणाले.

"न्हाय," सुनंदा म्हणाली. "प्रत्येक प्रकरणाखाली अशी ओळ पायजे. गॉथिक, प्रबोधन, बरोक, सगळ्यांच्या आत्या."

अण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, ते मी विचारलं नाही. पण ओळी वाचता वाचता त्यांना गंमत वाटायला लागली. काम थांबवून म्हणाले, "अक्का, मग आपण जगतोय ह्या काळाची आत्या कोण?"

"अजून जन्मली न्हाय ती," सुनंदा म्हणाली. "आन् आली की आपल्याला इचारणार बी न्हाय."

लग्नपत्रिका दोन दिवस थांबल्या. मी निघताना अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सुनंदाअक्कांची प्रुफं ते वर्षभर मोठ्या अक्षरात काढून देत होते. म्हणजे छापखान्याला ठाऊक होतं, आप्पांना ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते मला एकटीला. स्टँडवर सुनंदाने मला हुग्गीचा डबा दिला. आप्पांनी कंडक्टरला बजावलं, "ह्या बाईंचं गाव आलं की हलवून उठवा."

अमरावती

पुस्तक आलं. दोघींची नावं आहेत, तिचं आधी, कारण ती जिंकली. ते तिने आपल्या डोळ्यांनी वाचलं, दुपारच्या उन्हात, अंगणात खुर्ची टाकून, रोज थोडं थोडं. आता बारीक अक्षर तिला जड जातं. म्हणून संध्याकाळी मी गच्चीवर बसून फोनवर तिला पुढची पुस्तकं वाचून दाखवते. ती मधेच तोडते, माझ्या उच्चारांतल्या चुका काढते, लेखकाशी भांडते, मग माझ्याशी.

अमरावती कोल्हापूरच्या बरीच पूर्वेला. आमच्याकडे सूर्य आधी मावळतो. तिच्याकडे तो उशिरा जातो, पण तिच्या डोळ्यांना आधी गेलेला असतो. त्यामुळे झालंय असं, की दोघींची संध्याकाळ साधारण एकाच वेळी होते.

"दिसत्यात का गं रेषा?" ती विचारते.

मी तळहात डोळ्यांजवळ नेते. "नाही. तुझ्या?"

"माझ्या बी गेल्या."

"गेल्या?"

पलीकडून तो मोठा कोल्हापुरी आवाज. "दिसत न्हाईत! दिसत न्हाईत म्हणतो मी! तू वाच की पुढं."

मी उठून दिवा लावते आणि वाचते.